नावासकट दिलेले गाणे

कारंजा लाडच्या जैन मंदिरांतल्या ग्रंथभांडारात एखादी जुनी हस्तलिखित पोथी हाती आली, की जाणकार माणूस आधी तिचे शेवटचे पान उघडतो. मजकूर संपल्यावर तिथे चार-सहा ओळींची पुष्पिका असते. ग्रंथ कोणाचा, नक्कल कोणी उतरवली, संवत कोणता, गाव कोणते, कोणत्या गृहस्थाने किंवा श्राविकेने पदरच्या पैशाने ती करवून घेतली आणि कोणाला अर्पण केली, हे पुष्कळ पोथ्यांत तिथे नोंदलेले सापडते. जैन परंपरा याला शास्त्रदान म्हणते. आहार, औषध आणि अभय यांच्या बरोबरीने सांगितलेले हे दान. पोथी घेणाऱ्याकडून एक पैसाही घेतला जात नसे, आणि तरीही रचणाऱ्यापासून नक्कल उतरवणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावे पोथीबरोबर पुढे जात. संगीत फुकट वाटावे की नाही, या आजच्या वादाला वाशिम जिल्ह्यातल्या या गावाने कित्येक शतके आधी निम्मे उत्तर देऊन ठेवले आहे, असे मला वाटते. फुकट देण्यात दोष मुळीच नाही. शेवटचे पान फाडून पोथी पुढे सरकवणे हा मात्र अपराध आहे. उरलेले निम्मे उत्तर जिवंत कलावंताच्या संमतीचे आणि त्याच्या पोटाचे आहे, आणि ते कारंजाच्या पोथ्यांतून मिळत नाही. ते आपल्याला शोधावे लागते.

सुरुवातीलाच एक खुलासा करायला हवा. ध्वनिमुद्रणांची तुलना आणि ध्वनिमुद्रणांचे मोफत वाटप हे दोन विषय या लेखात एकत्र का आणले? कारण पहिल्यावाचून दुसऱ्याची किंमत कळत नाही. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली प्रसिद्ध केली. तिच्यामुळे कारंजाच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या परंपरांच्या मंदिरांतला ठेवा अभ्यासकांच्या नजरेत भरला. मग कारंजा जैन ग्रंथमाला सुरू झाली. पुष्पदंताचे अपभ्रंश काव्य ‘जसहरचरिउ’ परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी १९३१ साली संपादित केले, ‘णायकुमारचरिउ’ प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९३३ साली. असे संपादन म्हणजे वेगवेगळ्या नकला शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहणे. एका नकलेत शब्द असा, दुसरीत तसा. कोणती जुनी, कोणती कोणावरून उतरवलेली, चूक कुठे शिरली. याला पाठभेद पाहणे म्हणतात, आणि संवत-गाव-नाव नसेल तर हे काम अर्ध्यावर अडते. एकाच रागाची दोन ध्वनिमुद्रणे किंवा एकाच बँडचे दोन अल्बम समोर ठेवणारा श्रोता नेमके हेच करत असतो. गाणे त्याच्यापर्यंत विकत आले की फुकट, यावर त्याची तुलना अवलंबून नसते. कोणी, कधी, कुठे गायले हे माहीत आहे की नाही, यावर ती उभी राहते किंवा कोसळते.

तुलनेची ही भूक लांब पल्ल्याच्या संगीतात सर्वांत जास्त असते. तीन मिनिटांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत ख्याल कोंबावा लागे, तेव्हा गवय्याने काय गाळले हेच ऐकायचे असे. लाँग प्ले तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मोकळी मिळाली, आणि आपल्याकडे विलंबित ख्यालाला जशी ऐसपैस जागा झाली तशीच ती इंग्लंडमधल्या रॉक वाजवणाऱ्या तरुणांनाही झाली. किंग क्रिमसनचा पहिला अल्बम १९६९चा. ‘येस’ या बँडने १९७२ साली ‘क्लोज टू द एज’मध्ये तबकडीची एक अख्खी बाजू एकाच रचनेला दिली. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आला १९७३ साली. प्रोग्रेसिव्ह रॉक या नावाने ओळखले जाणारे हे संगीत तुकड्यातुकड्याने ऐकायचे नसते. त्यात आधी आलेली धून पुढे वेश बदलून परत येते, ताल मध्येच वळण घेतो, आणि ऐकणाऱ्याला मागचे ध्यानात ठेवावे लागते. ख्याल ऐकणाऱ्या मराठी कानाला हे अवघड जाऊ नये. बंदिश कळली म्हणून राग कळला असे आपण म्हणत नाही. तीच बंदिश सकाळी एकाकडून आणि वर्षभराने दुसऱ्याकडून ऐकल्यावर काहीतरी उमगू लागते.

आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर दिल्लीच्या इंडियन ओशनचे घ्यावे. १९९० साली सुरू झालेल्या या बँडला प्रोग्रेसिव्ह म्हणावे की फ्यूजन, हा वाद मी सोडून देतो. रचना लांब, ताल देशी, गिटार आणि तबला एकमेकांशी बरोबरीने बोलणारे, एवढे पुरे. ‘डेझर्ट रेन’ हा १९९७चा अल्बम प्रत्यक्ष कार्यक्रमात मुद्रित झालेला आहे. त्यात शब्दांपेक्षा वाद्यांचा संवाद जास्त, आणि सुस्मित सेन यांची गिटार रागाची बढत करावी तशी हळूहळू उलगडते. २००० सालचा ‘कंदिसा’ स्टुडिओत घडलेला. तिथे शब्द पुढे आले, आवाजांचे थर आले, रचना आटोपशीर झाल्या. शीर्षकगीत केरळच्या सिरियन ख्रिश्चनांच्या जुन्या प्रार्थनेवर उभे आहे, तर ‘मा रेवा’ हे गाणे नर्मदाकाठचे. बँडचे राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होते, तिथून ते आले. ज्या धरणाविरुद्ध ते आंदोलन होते त्याच्या बुडितात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली गावेही होती. दोन्ही अल्बम शेजारी ठेवून ऐकले की माझा कौल पडतो ‘डेझर्ट रेन’कडे, कारण त्यातली वाट अजून ठरलेली नाही, वादक एकमेकांकडे पाहत पुढचे पाऊल टाकत आहेत हे ऐकू येते. ‘कंदिसा’ अधिक घोटीव आहे, अधिक लोकांच्या ओठी बसला आहे, आणि तरीही त्यात ती चाचपडण्याची ऊब कमी आहे. कोणी नेमके उलट म्हणेल. पण हा वाद घालता येतो तो दोन्ही अल्बमवर साल आहे, वादकांची नावे आहेत, एक कार्यक्रमाच्या मंचाकडे आणि दुसरा स्टुडिओकडे बोट दाखवतो म्हणून.

याच बँडने २०१० साली केलेली गोष्ट आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. आधीच्या वर्षी २५ डिसेंबरला त्यांचे तबलावादक आणि गायक असीम चक्रवर्ती वारले होते. त्यांचा आवाज असलेला शेवटचा अल्बम ‘१६/३३० खजूर रोड’ तयार होता. ज्या जुन्या घरात बँडचा सराव चाले त्या दिल्लीतल्या घराचा पत्ताच त्याचे नाव झाला. बँडने तो जुलै २०१० पासून एक एक गाणे करत लोकांना फुकट उतरवून घ्यायला दिला. कोणी त्यांच्याकडून तो चोरला नाही, कोणत्या कंपनीने उदार होऊन वाटला नाही. ज्यांचे गाणे होते त्यांनीच ते मोकळे केले, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या दारातून. कार्यक्रमांवर चालणाऱ्या बँडला तसे करणे परवडणारे होते, हेही खरे. ज्याचे पोट फक्त विक्रीवर आहे अशा गीतकाराला किंवा स्टुडिओत वाजवून घरी जाणाऱ्या वादकाला ते परवडेलच असे नाही. म्हणूनच मोफत देण्याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा असतो. एकाने दिले म्हणून दुसऱ्याचेही उचलता येत नाही. शेजाऱ्याने अन्नदान केले म्हणून आपण तिसऱ्याच्या कणगीला हात घालत नाही.

पश्चिमेकडे हा प्रश्न दोन टोकांनी सोडवला गेला आणि दोन्ही टोके शिकण्यासारखी आहेत. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडने आपल्या कार्यक्रमांत टेप करणाऱ्यांना मज्जाव केला नाही. १९८४ पासून त्यांच्यासाठी वेगळी जागाच ठेवली. टेप आपसात बदलाव्यात, विकू नयेत, एवढी अट. किंग क्रिमसनचे रॉबर्ट फ्रिप याच्या दुसऱ्या टोकाला. कार्यक्रमात चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणाला त्यांनी सतत विरोध केला, कारण त्यांच्या मते समोरच्या क्षणाचा तो भंग होता. पण त्याच बँडच्या त्याच रचना दर रात्री वेगळ्या वाजत, आणि ऐकणाऱ्यांना त्या ताडून पाहायच्या असत. फ्रिप यांनी पुढे स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली, तिच्यात मालकी हक्क कलावंताकडेच ठेवला आणि १९९८ पासून संग्राहकांसाठी जुने कार्यक्रम रीतसर, तारीख-वार आणि ठिकाणासह प्रसिद्ध करायला सुरुवात केली. एकाने दार उघडे ठेवले, दुसऱ्याने आधी लावून मग स्वतःच्या हाताने उघडले. दोघांनाही मी बरोबर मानतो, कारण दोन्ही ठिकाणी कडी कलावंताच्या हाती होती.

आता आपल्या गावाकडे यावे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम वेगळा झाला तो काळ कॅसेटच्या उतरणीचा. पुढच्या दहा-बारा वर्षांत विदर्भातल्या कोणत्याही बसस्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात गाणी पोहोचली ती मेमरी कार्डातून. दुकानातल्या संगणकाला कार्ड जोडायचे, गिऱ्हाईक म्हणेल ती गाणी दहा-वीस रुपयांत ‘भरून’ द्यायची. एका कार्डात भीमगीते, खंजिरीची भजने, हिंदी चित्रपटाची गाणी, बंजारा लेंगी असे सारे एकत्र. ते कार्ड घातलेल्या फोनचा पडदा जवळून पाहावा. गाण्याच्या नावाच्या जागी ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’, किंवा ‘न्यू’ आणि पुढे एक आकडा. गायकाच्या रकान्यात ज्या संकेतस्थळावरून ते उतरवले त्याचे नाव. अल्बमच्या रकान्यात दुकानाचे नाव आणि कधी दुकानदाराचा फोन नंबर. साल कोरे. गीतकार, वादक, ढोलकी कोणाची, हार्मोनियम कोणाचे, यांना रकानाच नाही. पुष्पिकेतले एकेक घर खोडून तिथे वाटणाऱ्याने स्वतःची पाटी लावलेली असते. आज तीच गाणी व्हॉट्सअपवरून फिरतात, आणि कार्डावर निदान दुकानाचे तरी नाव असे, तेही आता उरत नाही. ऐकणाऱ्याला गाणे मिळाले, हे मोठेच झाले. पण एकाच भजनाच्या दोन गायक्यांत फरक का आहे, कोणती आधीची, कोणत्या गावच्या मंडळाची, हे विचारायला त्याच्याकडे काही शिल्लक राहिले नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. लोकगीत कोणाच्याच मालकीचे नसते, मग नाव कोणाचे लावायचे? होळीला तांड्यात फेर धरून गायली जाणारी लेंगी, लेक सासरी निघताना तिच्या गळ्यातून फुटणारा ढावलो, भोगाच्या वेळी नगारा आणि थाळीवर चालणारी भजने. ही कोणा एकाने रचली म्हणून नोंद नाही. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे ठिकाण. रामनवमीला तिथे गोर बंजारा समाज दूरदुरून येतो. आंध्र-तेलंगणातला, कर्नाटकातला, विदर्भातला तांडा एकच भजन आपापल्या ढंगाने गातो. तिथे मालकी विचारणे गैर वाटेल, हे मान्य. पण मालकी वेगळी आणि मूळ ठिकाणाची नोंद वेगळी. गाणे समाजाचे असले तरी गळा कोणा एका बाईचा असतो, तांडा एकच असतो, ते वर्ष पुन्हा येत नसते. ढावलोत तर शब्दसुद्धा त्या लेकीच्या आईबापांप्रमाणे, भावंडांप्रमाणे बदलतात. ते तिचे रडणे आहे. ते फोनवर टिपून ‘बंजारा सॅड साँग’ म्हणून पुढे ढकलणे यात लोकसंस्कृतीचा प्रसार कितीही होवो, त्या बाईला कोणी विचारले होते का, हा प्रश्न राहतोच. आणि कायदा इथे उफराटा उभा आहे. १९५७च्या प्रताधिकार कायद्यात परंपरागत गाण्याला ज्ञात कर्ता नसल्याने प्रताधिकार नाही, पण त्याचे ध्वनिमुद्रण करवून घेणाऱ्याला आहे. गाणारीला १९९४च्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क मिळाला, तो आता ५० वर्षांचा आहे. पण तो मागायचा असतो हे तांड्यात सांगायला कोण गेले? म्हणजे कॅसेट काढणारा मालक होतो आणि जिच्या गळ्यातून गाणे निघाले ती ‘पारंपरिक’ या एका शब्दात विरघळते. लोकगीत सर्वांचे आहे या वाक्याचा लाभ आजवर बहुधा ज्याच्या हाती यंत्र आहे त्यालाच झाला.

दुसरा आक्षेप गरिबीचा आहे, आणि त्यावर नाक मुरडण्याचा हक्क शहरातल्या कोणालाही नाही. वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडच्या किंवा मालेगावच्या पोराने महागड्या तबकड्या घ्याव्यात कुठून? त्याला किशोरी आमोणकर किंवा पिंक फ्लॉइड ऐकायला मिळाले ते फुकटच्या देवाणघेवाणीतून. ते बंद केले असते तर कान तयारच झाले नसते. हे अगदी खरे आहे, आणि याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या परंपरेतच आहे. गदगच्या दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी रस्त्यावर उभ्या राहिलेल्या भीमसेन जोशी नावाच्या मुलाच्या कानी पडली. झिंझोटीतली ती ठुमरी ऐकून १९३३ च्या सुमाराला त्याने गाण्यासाठी घर सोडले. त्याने तबकडी विकत घेतली नव्हती. दुकानाच्या ओट्यावरून ओघळलेले गाणे त्याने उचलले, आणि त्यातून काय उभे राहिले हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून ऐकण्यावर जकात बसवावी असे मी कधीच म्हणणार नाही. मात्र त्या मुलाला तबकडीवरचे नाव कळत होते. खाँसाहेबांचे गाणे ऐकले, तसे गायचे आहे, हे त्याला म्हणता आले. गुरूचा शोध घेता घेता तो पुढे त्याच खाँसाहेबांच्या शिष्याकडे, कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे पोहोचला. ‘ट्रॅक ०१’ ऐकणाऱ्या आजच्या मुलाला अशी वाट कुठे आहे? गरीब श्रोत्याची बाजू घ्यायची तर त्याला गाण्याबरोबर ही वाटही द्यावी लागेल. नुसते गाणे देऊन आपण त्याला अर्धपोटी ठेवतो.

याच आक्षेपाची एक धूर्त आवृत्ती आहे. ‘फुकट वाटल्याने प्रसिद्धी होते, प्रसिद्धीने कार्यक्रम मिळतात, मग कलावंताचे नुकसान काय?’ याला लांब उत्तर नको. प्रसिद्धी नावाची होते. नाव काढून टाकल्यावर प्रसिद्धी होणार कोणाची?

तिसरा आक्षेप कंपन्यांवर बोट ठेवतो. पैसे देऊन घेतले तरी ते गाणाऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत, मध्येच अडतात. मग विकत घेऊन कोणाचे घर भरायचे? यात तथ्य नसते तर २०१२ साली कायदा बदलावा लागला नसता. गीतकार आणि संगीतकारांनी आपले सर्व हक्क एकरकमी लिहून द्यायचे आणि पुढे जन्मभर दुसऱ्याच्या खात्यात पैसे जमा होताना पाहायचे, अशी रीत होती. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी या प्रश्नावर आवाज उठवला, आणि त्या दुरुस्तीने रॉयल्टीतला गीतकार-संगीतकारांचा वाटा सोडून देता येणार नाही असा केला. पण कंपनीने कलावंताला नागवले म्हणून आपणही नागवावे, हा न्याय होत नाही. उलट याच कायद्यातले कलम ५७ मला या सगळ्या चर्चेत सर्वांत मोलाचे वाटते. प्रताधिकार विकून टाकला तरी रचना आपली आहे असे सांगण्याचा लेखकाचा हक्क विकला जात नाही, असे ते कलम म्हणते. २०१२ नंतर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही आपल्या नावाचा तसाच हक्क मिळाला. विकत घेणारा पैशाने मालक झाला तरी नावाचा मालक होत नाही. मग फुकट घेणारा कसा होईल?

राहिला जतनाचा मुद्दा. जुनी ध्वनिमुद्रणे वाटली नाहीत तर ती मरतील, हे मी पूर्णपणे मान्य करतो. इथे तर मी वाटणाऱ्यांच्या बाजूचा आहे. अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे तबकडीवर नाही, भास्करबुवा बखल्यांचे नाही. जे कधी टिपलेच गेले नाही त्याचे काय करणार? पण जे टिपले गेले ते कपाटात बुरशी खात पडणे याला संरक्षण म्हणता येणार नाही. कायद्यानेही ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षांचा ठरवला आहे. त्यानंतर मुद्रण मोकळे होते, जरी त्यातल्या शब्दांचा आणि चालीचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालू राहत असला तरी. वाशिमच्या मातीत या मुद्द्याला एक जुना दाखला आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. तिथल्या सर्वसेन राजाने चौथ्या शतकात ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य रचले. ते काव्य आज मिळत नाही. तरी त्याची थोरवी आपल्याला ठाऊक आहे, कारण आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त सर्वसेनाचे आणि त्याच्या ‘हरिविजया’चे नाव घेतले आणि भोजासारख्यांनी त्यातल्या गाथा उद्धृत केल्या. अख्खा ग्रंथ गेला. जे वाचले ते दुसऱ्यांनी नाव सांगून पुढे दिले म्हणून वाचले. सर्वसेनाची म्हणून ज्या गाथांची ओळख कोणी सांगितली नसेल, त्या कदाचित आजही निनावी सुभाषितांत मिसळून असतील, आणि त्यांना ओळखायला कोणी नाही. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्समधल्या संग्राहकांनी जुन्या तबकड्यांच्या याद्या करताना लेबलशेजारी कोरलेला मॅट्रिक्स क्रमांकसुद्धा भिंग लावून उतरवून घेतला. तो क्रमांक नसेल तर त्याच गायिकेने तेच गाणे दोनदा मुद्रित केले होते, हे पुढच्या पिढीला कळलेही नसते. जतन म्हणतात ते याला.

नाव पुढे न्यायचे तर ते गाण्याच्या बाहेर चिकटवून भागत नाही, हे आपल्या संतकवींनी फार लवकर ओळखले होते. कागद फाटतो, वही हरवते, पण शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा गाणाऱ्याच्या श्वासात असते. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे (१९०९–१९६८) भजन कोणत्याही गावात खंजिरीवर सुरू झाले तरी संपताना ‘तुकड्या’ हे नाव येतेच. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते कितीही गायकांनी गायिली तरी ‘वामन’ ही खूण मागे उरते. मुद्रा खोटीही लावता येते, हे मला ठाऊक आहे. तुकोबांच्या नावावर इतरांनी रचलेले अभंग आहेतच. पण ते इतरांचे आहेत हे कळले कशावरून? जुन्या वह्यांची आणि गाथांच्या प्रतींची तुलना करून. पुन्हा पाठभेदच. आणि यंत्राच्या युगातही हाच मार्ग सापडला होता. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला फ्रेड गैसबर्गने गौहर जान यांची ध्वनिमुद्रणे केली. गाणे संपले की त्या इंग्रजीत स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. मेणाच्या ठशावरून तबकड्या तयार होत त्या जर्मनीत, हानोव्हरला. तिथल्या कारागिराला ही गायिका कोण हे कळून लेबल बरोबर लागावे, म्हणून. सोय म्हणून केलेली गोष्ट, पण सव्वाशे वर्षांनी लेबल झिजले, खोके बदलले, तबकडीचा संगणकातला आकडा झाला, तरी आवाजातले नाव तसेच आहे. ते खोडायचे तर गाणेच कापावे लागेल.

पोहरादेवीला नगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडले. तिथे वस्तू आहेत, इतिहास आहे. गाणी मात्र अजून बहुतेक तांड्यांतल्या फोनमध्ये आहेत, आणि ती टिपणारी मुले त्याच तांड्यातली आहेत; हातात यंत्र असलेला माणूस बाहेरचा असण्याचे दिवस संपले. त्या मुलांनी लेंगी टिपावी, पाठवावी, हवी तितकी वाटावी. फक्त फोनचे बटण दाबल्यावर, नगाऱ्यावर पहिली थाप पडण्याआधी, गाणाऱ्या याडीला, म्हणजे आईला, विचारावे की हे तांड्याबाहेर पाठवले तर चालेल का. ती हो म्हणाली, तर तिचे नाव तिच्याच तोंडून येऊ द्यावे. मग तांडा, तालुका, सण आणि साल. याला दहा सेकंद लागतात. ती नको म्हणाली, तर फोन खाली ठेवावा आणि नुसते ऐकावे.